मोठ्या आतड्याचे अस्तर भिंगाखाली

काचपट्टी (धागाकर्ता)

पचनसंस्थेवरच्या मागच्या धाग्यात कुणीतरी लिहून गेले की खरे काम लहान आतडे करते, मोठे आतडे म्हणजे नुसता पाणी पिळून घेणारा पाइप. उत्तर तिथेच लिहायला घेतले होते, पण ते प्रतिसादाच्या मापात बसेना, म्हणून हा वेगळा धागा. मी पॅथॉलॉजीत आहे, आतड्याच्या बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी काढलेले तुकडे, रोज टेबलावर येतात. त्यामुळे मी सांगणार ते स्लाइडवरून. आत घालायच्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) काय दिसते ते गॅस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे पोटविकारतज्ज्ञांनी, सांगावे.

नकाशा झटपट उरकतो. सीकम या सुरुवातीच्या पिशवीपासून गुदाशयापर्यंत साधारण दीड मीटर लांबी. भिंतीत चार थर: आतून म्युकोसा (म्हणजेच अस्तर), मग त्याखालचा सबम्युकोसा, मग स्नायू आणि बाहेरून सिरोसा हे पातळ आवरण. स्नायूंच्या बाहेरच्या थरातले उभे तंतू मुख्यतः तीन पट्ट्यांत गोळा झालेले असतात, त्या टीनिया कोलाय. इतके पुरे. गंमत सगळी म्युकोसात आहे.

लहान आतड्याचा सेक्शन (पातळ काप) बघायची सवय असलेल्याला इथे आधी जाणवते ते रसांकुरांचे, म्हणजे बोटांसारख्या उंचवट्यांचे, नसणे. एकही रसांकुर नाही. पृष्ठभाग सपाट, आणि त्या सपाटीवर दाटीवाटीने बारीक भोके. प्रत्येक भोक म्हणजे खाली गेलेल्या एका सरळ नळीचे तोंड. या नळ्या म्हणजे क्रिप्ट. जुन्या पुस्तकांत त्यांना लीबरक्यूनच्या ग्रंथी म्हटलेले सापडेल, कारण आतड्यातल्या या ग्रंथींचे नीट वर्णन योहान लीबरक्यून यांनी १७४५ साली केले. सेक्शन उभा आणि सरळ कापला गेला असेल तर स्टँडमध्ये ओळीने लावलेल्या परीक्षानळ्या दिसतात: जवळपास अर्धा मिलिमीटर खोल, एकमेकींना समांतर, आणि प्रत्येकीचा तळ मस्क्युलारिस म्युकोसी या पातळ स्नायूपट्टीला टेकलेला. हे तळ टेकणे लक्षात ठेवा, पुढे लागेल. अख्ख्या मोठ्या आतड्यात अशा नळ्या अंदाजे एक कोटी, आणि एकेकीत दोनेक हजार पेशी.

पेशी कुठल्या? पृष्ठभागावर आणि नळीच्या वरच्या भागात शोषण करणाऱ्या उभट पेशी, म्हणजे कोलोनोसाइट. त्यांच्या माथ्यावर सूक्ष्मांकुरांची कड असते, पण लहान आतड्यापेक्षा आखूड. त्यांच्यामध्ये गॉब्लेट पेशी. हाय पॉवरवर गॉब्लेट पेशी चुकूच शकत नाही: वरचा सगळा भाग म्युसिन या श्लेष्मा बनवणाऱ्या पदार्थाने टम्म भरलेला आणि केंद्रक तळाशी दाबले जाऊन चपटे किंवा त्रिकोणी झालेले. गुदाशयाकडे जावे तसे त्यांचे प्रमाण वाढत जाते, कारण मल घट्ट होत जातो आणि वंगण जास्त लागते. क्रिप्टच्या खालच्या भागात तुरळक एंडोक्राइन, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या, पेशी असतात. यांचे कण नळीच्या पोकळीकडे तोंड करून नसतात, उलट तळाकडे, रक्तवाहिन्यांच्या बाजूला असतात, कारण त्यांचा माल रक्तात जायचा असतो. सेरोटोनिन हे निरोप पोचवणारे रसायन इथे बनते; शरीरातल्या एकूण सेरोटोनिनपैकी ९० टक्क्यांहून जास्त आतड्यात असते. जीएलपी-१ हे हॉर्मोन सुद्धा इथल्या एल पेशींतून येते. सध्या वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती याच हॉर्मोनची नक्कल करतात.

अगदी तळाशी मूळपेशी. २००७ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी एलजीआर-५ या पेशीवरच्या प्रथिनाच्या खुणेवरून त्या नेमक्या ओळखून दाखवल्या. त्यांच्यापासून झालेल्या पेशी नळीच्या खालच्या भागात पुन्हा पुन्हा विभागतात, वर सरकता सरकता कोलोनोसाइट किंवा गॉब्लेट होतात, आणि चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर पोचून गळून पडतात. म्हणजे आज मलाला सामोरे जाणारे अस्तर पुढच्या आठवड्यात शिल्लकच नसते.

नळ्यांच्या मधल्या जागेत लॅमिना प्रोप्रिया, म्हणजे आधार देणारी सैल ऊती. तिथे प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइट, मॅक्रोफेज, थोडे इओसिनोफिल, अशा रोगप्रतिकारक पेशींची सतत वर्दळ. दुसऱ्या कुठल्या अवयवात एवढ्या पेशी दिसल्या तर आम्ही 'क्रॉनिक इन्फ्लमेशन' (जुनाट दाह) लिहून मोकळे होऊ. इथे हेच नॉर्मल. या प्लाझ्मा पेशींतल्या बहुतेक आयजीए हे प्रतिपिंड बनवतात, आणि ते अस्तराच्या पेशींतून पलीकडे पोकळीत सोडले जाते.

आता मुद्द्यावर येतो. या अस्तराचा सर्वांत महत्त्वाचा थर आमच्या रोजच्या स्लाइडवर दिसतच नाही. तो म्हणजे श्लेष्म्याचा. आम्ही तुकडे ज्यात टिकवतो ते फॉर्मॅलिन पाण्यातले असते. त्यात श्लेष्मा आकसतो, विस्कटतो, धुऊन जातो. उरते ते उघडे अस्तर, आणि तेच बघून पिढ्यान्‌पिढ्या आम्ही आकृत्या काढल्या. पाणी नसलेले कार्नॉयसारखे फिक्सेटिव्ह (तुकडा टिकवणारे द्रावण) वापरले की चित्र बदलते. २००८ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात मालिन योहान्सन आणि गुन्नार हॅन्सन यांच्या गटाने उंदराच्या मोठ्या आतड्यात दाखवून दिले की श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू भरपूर. आतला पेशींना घट्ट चिकटलेला, आणि त्यात जिवाणू जवळजवळ नाहीत. दोन्ही थर एकाच प्रथिनाचे, म्युक-२ चे. ते ज्या उंदरांत बनत नाही त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडतात, क्रिप्टच्या आत शिरतात, आणि त्या उंदरांना आपोआप कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, होतो.

आपल्या अंगातल्या जिवाणूंचा २०१६ साली केलेला अंदाज ३८ लाख कोटींचा आहे, आणि त्यातले बहुतेक सगळे इथेच राहतात. त्यांच्या आणि रक्ताच्या मध्ये पेशींचा जेमतेम एक थर. पाइपची ही कामगिरी आहे का, तुम्हीच सांगा.

खारूताई

मस्त लिहिलंय! पण तो पाइपवाला प्रतिसाद माझा होता, हे जाहीर करून टाकते :) आणि सहजी मागे घेणार नाही. रसांकुर नाहीत म्हणजे पृष्ठभाग कमी, म्हणजे शोषण कमी, बरोबर? मग हे पाणी शोषतं तरी कसं आणि किती?

काचपट्टी

खारूताई, नाव मुद्दाम घेतले नव्हते!

आधी हिशेब. खाल्लेले-प्यायलेले आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून लहान आतड्यात रोज नऊएक लिटर द्रव उतरतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यात पोचतो आणि मलातून बाहेर पडते ते १०० ते २०० मिली. म्हणजे लिटरच्या हिशेबात लहान आतडे भारी, हे तुमचे म्हणणे मान्य. पण मोठ्या आतड्याची ताकद रोजच्या कामापेक्षा बरीच जास्त आहे. गरज पडली तर ते दिवसाला चार-पाच लिटरपर्यंत खेचू शकते. लहान आतड्याचे काम थोडे बिघडले तरी लगेच जुलाब होत नाहीत ते यामुळे.

कसे, ते जास्त मजेदार आहे. पाण्याला कुणी पंप करत नाही. कोलोनोसाइटच्या तळाकडच्या भिंतीत सोडियम-पोटॅशियम पंप असतो, तो पेशीतला सोडियम सतत बाहेर, रक्ताच्या बाजूला काढतो. पेशीत सोडियमचा तुटवडा झाला की पोकळीतला सोडियम वरच्या कडेतल्या वाटांनी आत येतो. सोडियमच्या मागून पाणी. आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात तर सोडियमसाठी खास चॅनल आहेत, मूत्रपिंडात असतात तेच, आणि त्यांच्यावर अल्डोस्टेरॉन या हॉर्मोनचा हुकूम चालतो. शरीरात मिठाची चणचण झाली की मूत्रपिंडाबरोबर मोठे आतडेही मीठ वाचवायला लागते.

यात पेशी-पेशींमधले सांधे महत्त्वाचे. लहान आतड्यात ते तुलनेने सैल असतात, खेचलेला सोडियम थोडाफार परत झिरपतो. मोठ्या आतड्यात खाली जावे तसे ते आवळत जातात. म्हणून मलात उरलेल्या थोडक्या सोडियममधूनही ओढून घेता येते. रसांकुर नसले तरी अडत नाही ते असे.

ठोंब्या

सर, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये (स्लाइड बघून अवयव ओळखायचा) कोलन म्हणजे मोठं आतडं, अपेंडिक्स आणि इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, यांत हमखास गोंधळ होतो. काही शॉर्टकट?

निंबोणी

अरे ठोंब्या, मी इंटर्न आहे, मीच सांगते. लो पॉवर सोडून थेट हाय पॉवरवर जाऊ नकोस, ही सगळ्यांची खोड. आधी पृष्ठभाग बघ. बोटांसारखं वर आलेलं काही दिसलं की लहान आतडं. रसांकुर आहेत आणि खाली लिम्फॉइड फॉलिकलांचा (लिम्फोसाइटच्या गोळ्यांचा) घोळका म्हणजे पायर्स पॅच, म्हणजे इलियम. रसांकुर नाहीत, नळ्या सरळ आणि खच्चून गॉब्लेट: कोलन. अपेंडिक्समध्ये पण रसांकुर नसतात, पण स्लाइडवर बहुतेक वेळा अख्खं गोल कटिंग असतं, मधली पोकळी लहान, आणि सभोवार लिम्फॉइड फॉलिकल, क्रिप्ट कमी आणि वेडेवाकडे. उभ्या स्नायूंचा थर पण सलग, टीनिया नाही.

ठोंब्या

थँक्यू ताई! पॅनेथ पेशी (लहान आतड्याच्या क्रिप्टच्या तळाशी असतात त्या) कोलनमध्ये नसतात असं लिहून आलोय, चालेल ना?

काचपट्टी

निंबोणी, एकदम पक्के उत्तर.

ठोंब्या, पहिल्या वर्षाला चालून जाईल. पण सीकम आणि चढत्या कोलनमध्ये थोड्या पॅनेथ पेशी नॉर्मल माणसातही सापडतात. क्रिप्टच्या अगदी तळाशी, लालभडक मोठ्या कणांच्या. त्याच डाव्या बाजूच्या बायॉप्सीत दिसल्या तर आम्ही सावध होतो, कारण तिथे त्या मुळात नसतात. अस्तराला दीर्घकाळ मार बसून ते पुन्हा पुन्हा दुरुस्त झाले की अशा पेशी उगवतात. बायॉप्सी आतड्याच्या कुठल्या भागातली आहे हे फॉर्मवर लिहा, असे आम्ही सर्जनच्या आणि गॅस्ट्रोवाल्यांच्या मागे का लागतो, त्याचे हे एक कारण.

फिरती_दुर्बीण

एंडोस्कोपी युनिटला टेक्निशियन आहे. वरच्या वाक्यासाठी उभे राहून टाळ्या. उजवीकडचे आणि डावीकडचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत टाकायचे, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा असतो. फोर्सेप्समधून सुटला की लगेच गुंडाळी होते त्याची. काही ठिकाणी तो फिल्टर पेपरच्या कपट्यावर अस्तर वर करून पसरतात आणि मग फॉर्मॅलिनमध्ये सोडतात.

दुर्बिणीतून काय दिसतं ते विचारलंत म्हणून: तयारी नीट झालेली असेल तर अस्तर गुलाबी, ओलं, चकाकतं, आणि खालच्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी स्वच्छ दिसते. डॉक्टरांची पहिली नजर त्या जाळीवर. सूज आली की ती पुसट होते.

काचपट्टी

ती जाळी दिसते म्हणजे अस्तर किती पातळ आहे याची कल्पना येईल.

आणि गुंडाळी झालेल्या तुकड्याचे आमच्याकडे काय होते तेही सांगतो. मेणाच्या ब्लॉकमध्ये तो आडवा बसला तर मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचा काप निघतो तो नळ्यांना आडवा छेदत. मग सरळ नळ्यांऐवजी गोल गोल कडी दिसतात. क्रिप्टचा तळ कुठे, स्नायूपट्टी कुठे, काही सांगता येत नाही. म्हणून ब्लॉक बनवणाऱ्याने तुकडा कडेवर उभा करणे फार मोलाचे. रिपोर्टवर सही माझी असते, पण निम्मे निदान त्या उभे करण्यात असते.

उडता_पतंग

माहिती उत्तम, पण एक विचारतो. आतड्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा मळ थरावर थर साचतो, तो खरवडून काढायला 'कोलन क्लीन्झ' करावे असे किती तरी व्हिडिओ येतात. माझ्या ओळखीत एकाने केले, त्याच्या पोटातून रबरासारखे लांब पट्टे पडले. फोटो बघितलाय मी. ते काय मग?

काचपट्टी

वर लिहिलेले जरा जोडून बघा. ज्या पेशीवर हा मळ चिकटणार ती आठवड्याभरात स्वतःच गळते. तिच्यावरचा आतला श्लेष्मा खालून सतत नवा येतो आणि वरचा सैल होऊन मलाबरोबर निघून जातो. उंदरात मोजले तेव्हा आतला थर तासाभरात बदलत होता. वर्षानुवर्षे चिकटून राहायला तिथे वर्षानुवर्षे टिकणारे काही हवे ना? इतक्या बायॉप्सी आणि ऑपरेशनमध्ये काढलेली अख्खी आतडी हाताखालून गेली, असा थर कुठल्याही पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टमध्ये लिहिलेला मी वाचलेला नाही.

ते पट्टे खरे असतात, फोटो खोटा नसेल. पण अशा पुड्यांत बहुधा पाणी धरून फुगणारा तंतुमय भुसा आणि चिकणमाती असते. पोटात गेल्यावर त्याचे घट्ट जेल होते, आतड्याचा आकार घेते आणि तसेच बाहेर पडते. जे घेतले तेच पडले.

एक मात्र भिंतीवर खरोखर जमते, आणि तेही 'साफ' करण्याच्या नादात. सोनामुखीच्या जातीची रेचके महिनोन्‌महिने घेतली की अस्तर तपकिरी, कधी काळपट दिसायला लागते. याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात, पण ते त्वचेतले मेलॅनिन नसते. रेचकामुळे अस्तराच्या पेशी जास्त प्रमाणात मरतात, त्यांचे अवशेष लॅमिना प्रोप्रियातले मॅक्रोफेज गिळतात, आणि त्यांच्या पोटात लिपोफ्युसिनसारखे रंगद्रव्य साठते. स्लाइडवर तपकिरी कणांनी भरलेल्या या पेशी लो पॉवरवरही ओळखू येतात. बहुधा निरुपद्रवी असते आणि रेचक थांबवले की काही महिन्यांत ओसरते.

उडता_पतंग

ओके. त्याला हा धागा पाठवतो, बघू काय म्हणतो.

रानजाई

जिवाणूंना लांब ठेवणं समजलं. पण मग ठेवायचेच कशाला एवढे? मी वाचलंय की आतड्याच्या पेशी जिवाणूंनी बनवलेलं काहीतरी खातात. खरं का?

काचपट्टी

खरे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच.

आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात आला की जिवाणू तो आंबवतात आणि लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. शरीरातल्या बहुतेक पेशींचा खाऊ रक्तातून येतो. कोलोनोसाइट मात्र आपली बरीचशी ऊर्जा पोकळीतल्या ब्युटिरेटमधून मिळवते. रोडिगर यांनी १९८० च्या सुमारास वेगळ्या काढलेल्या पेशींवर प्रयोग करून हे दाखवले.

ब्युटिरेट जाळायला ऑक्सिजन लागतो. पेशी तो इतका वापरते की पृष्ठभागाशी तो फारसा उरतच नाही, आणि ज्या जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही तेच तिथे टिकतात. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू नेमके त्यांच्यातलेच. पेशी त्यांचे अन्न खाते, आणि त्या खाण्यानेच त्यांना राहण्याजोगी जागा करून देते.

याचा पुरावा ऑपरेशननंतर दिसतो. काही कारणाने आतड्याचे तोंड पोटावर काढले, तर खालचा तुकडा जागेवर असतो पण त्यातून मल जात नाही. त्या तुकड्याला काही काळाने सूज येते, कधी रक्त पडते. डायव्हर्जन कोलायटिस हे नाव १९८१ पासून वापरात आहे. भिंगाखाली लिम्फॉइड फॉलिकल भरमसाट वाढलेले दिसतात. १९८९ साली काही रुग्णांत त्या बंद तुकड्यात मेदाम्लांचे द्रावण सोडून बघितले तर सूज उतरली. आतडे पुन्हा जोडले की बहुधा बरेच होते.

संध्याछाया

सगळे वाचते आहे. आमच्या नात्यात साठीच्या एक बाई आहेत, कित्येक महिने पाण्यासारखे जुलाब, रात्री उठावे लागते. कोलोनोस्कोपी केली, डॉक्टर म्हणाले अस्तर अगदी नॉर्मल, तरीही ठिकठिकाणचे तुकडे घेतले. नॉर्मल दिसत असेल तर तुकडे कशाला, असा घरात वाद चालू आहे. उगाच खर्च का?

काचपट्टी

उगाच नाही. तुमच्या नातलगांना काय आहे हे मी इथून सांगू शकत नाही, पण तुकडे का घेतले ते सांगता येईल.

मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणून प्रकार आहे, जो फक्त भिंगाखालीच दिसतो. तो मध्यम वयानंतर आणि स्त्रियांत जास्त. दोन तऱ्हा. एकीत अस्तराच्या पेशींमध्ये लिम्फोसाइट घुसतात. एरवी शंभर पेशींमागे पाचेक असतात, इथे वीसपेक्षा जास्त. दुसरीत पृष्ठभागाच्या पेशींखालची कोलॅजनची पट्टी जाड होते. ती एरवी तीनेक मायक्रॉन असते, इथे दहाच्या वर जाते. स्वीडनच्या लिंडस्ट्रॉम यांनी या दुसऱ्या तऱ्हेचे वर्णन १९७६ साली केले. स्लाइडवर अस्तराखाली सलग गुलाबी पट्टा दिसतो, त्यात केशवाहिन्या आणि काही पेशी अडकलेल्या, आणि वरचे अस्तर कुठे कुठे त्यावरून सुटलेले. शंका वाटली तर कोलॅजन दाखवणारा ट्रायक्रोम स्टेन (रंग) करतो, पट्टा निळा किंवा हिरवा उठून दिसतो.

बदल सगळीकडे सारखा नसतो. उजवीकडे ठसठशीत आणि गुदाशयात काहीच नाही असे होते. म्हणून ठिकठिकाणचे तुकडे. काही वेदनाशामके, ॲसिडिटीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे यांच्याशी याचा संबंध दिसतो, त्यामुळे त्या काय काय औषधे घेतात ती पूर्ण यादी डॉक्टरांना द्या. निदान तेच निघाले तर यावर चांगले उपचार आहेत.

संध्याछाया

खूप आभार. यादी करायला बसतेच.

अवकाळी

कर्करोगाचं कुणीच विचारलं नाही अजून. पॉलिपमध्ये, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या गाठीत, 'कॅन्सर' लिहूनही डॉक्टर कधी कधी "पॉलिप काढला, झालं" म्हणतात. हे कसं?

काचपट्टी

क्रिप्टच्या तळाशी पेशींना 'विभागत राहा' असा संकेत मिळतो, वर गेल्यावर तो विरतो. एपीसी नावाचे जनुक हा संकेत वेळेवर बंद करायला लागते. ते बिघडले तर वर पोचलेली पेशीही थांबत नाही. ज्यांना हा बिघाड जन्मतः मिळतो त्यांच्या आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप होतात. अशा आतड्याच्या स्लाइडवर कधी कधी एकच क्रिप्ट बिघडलेला सापडतो: सगळ्या नॉर्मल नळ्यांमध्ये एक गडद नळी, लांबट केंद्रके एकमेकांवर चढलेली, गॉब्लेट जवळजवळ गायब. कर्करोगाची वाट सुरू होते ती इतक्या लहान जागेत. पुढे एकामागून एक जनुके बिघडत जाण्याचा क्रम फिअरॉन आणि फोगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडला. या प्रवासाला सहसा दहाएक वर्षे लागतात, म्हणून मधेच पॉलिप काढून टाकता येतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर स्नायूपट्टीत आहे. मोठ्या आतड्याच्या लॅमिना प्रोप्रियात लसीकावाहिन्या फार कमी, त्या मुख्यतः मस्क्युलारिस म्युकोसीच्या आसपास आणि खाली. बिघडलेल्या पेशी पट्टीच्या वरच असतील तर त्यांना पसरायला वाट जवळजवळ नसते. पॉलिप पूर्ण निघाला असेल तर तेवढ्यावर भागते. पट्टी ओलांडून सबम्युकोसात गेल्या की हिशेब बदलतो: किती खोल, वाहिनीत शिरल्या का, कापलेल्या कडेपासून किती दूर, हे सगळे बघावे लागते.

ठोंब्या

सर, एक शेवटचं. परवा सिनियरने एक स्लाइड दाखवली, त्यात एका क्रिप्टला खाली फाटा फुटलेला होता. मी लगेच 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' (जुनाट कोलायटिसचा एक प्रकार) म्हणालो तर तो हसला.

निंबोणी

मी पण हसले असते, पण प्रेमाने :D

काचपट्टी

क्रिप्ट स्वतः दुभंगून नवा क्रिप्ट बनवतात, त्यामुळे एखादा फाटा नॉर्मल आतड्यातही दिसतो. जुनाट कोलायटिस म्हणायला एकट्या फाट्यावर भागत नाही. नळ्यांची रांगच मोडलेली हवी: काही वाकड्या, काही आखूड, तळ आणि स्नायूपट्टी यांच्यात फट पडलेली, आणि त्या फटीत प्लाझ्मा पेशींचा थर. नॉर्मलमध्ये प्लाझ्मा पेशी वरच्या भागात जास्त आणि तळाकडे विरळ असतात. तळाशी दाटी झाली की आजार जुना आहे असे समजायचे. नुकत्याच झालेल्या जंतुसंसर्गात न्यूट्रोफिल (ताज्या दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) कितीही असोत, नळ्या बहुधा सरळ उभ्याच राहतात.

आणि लिम्फॉइड फॉलिकलच्या शेजारचे क्रिप्ट नेहमीच वेडेवाकडे असतात, कारण फॉलिकल स्नायूपट्टी फोडून सबम्युकोसापर्यंत उतरलेले असते आणि नळ्यांना सरळ उभे राहायला जागाच नसते. पुढच्या वेळी फाटा दिसला की आधी स्लाइड थोडी डावी-उजवीकडे सरकवून शेजारी फॉलिकल आहे का ते बघ, मग बोल.